खोलीतून पाणी दिसतं का?

"मला काहीही चालेल" असं म्हणणाऱ्या माणसाइतकं चोखंदळ माणूस शोधून सापडणार नाही. आमच्या घरात असे तीन आहेत. नवऱ्याला काहीही चालेल; फक्त गाडी लावायला जागा हवी, समोर पाणी हवं आणि बाल्कनीतून सूर्यास्त दिसायला हवा. सासूबाईंना काहीही चालेल. फक्त जिना नको, आणि पाणी दिसायला हवं पण ऐकू यायला नको. लेकीला तर खरोखरच काहीही चालतं. वायफाय असलं की झालं. समुद्राशी तिचं काही घेणंदेणं नाही, पण फोटो काढताना तो पाठीमागे उभा असला पाहिजे.

तर अशा या बिनशर्त मंडळींनी खाडीकाठी चार दिवस निवांत राहायचं ठरवलं आणि हॉटेल बघायचं काम माझ्याकडे दिलं. कारण? "तुला ते छान जमतं." हे वाक्य मी चांगलं ओळखून आहे. त्यात कौतुक नावापुरतं असतं, बाकी सगळी पुढच्या बोलण्यांची आगाऊ तरतूद.

खाडीच का, याला मात्र कारण होतं. डोंगराच्या दोन सोंडांमधून समुद्र आत शिरतो तिथे लाटा वळतात. त्यांचा सगळा जोर त्या सोंडांवर खर्ची पडतो आणि आतल्या कमानदार किनाऱ्यावर पोचेपर्यंत त्या पसरून मवाळ होतात. म्हणून खाडीत वाळू साचते, पाणी शांत असतं, होड्या नांगरून ठेवता येतात. आणि म्हणूनच तिथे एकाला लागून एक हॉटेलं उभी राहतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच: आम्ही अगदी पाण्यावर आहोत.

आधी फोटो बघितले. पहिल्याच हॉटेलची खोली इतकी लांबलचक होती, की पलंगावरून निघालेल्या माणसाने खिडकीशी पोचण्याआधी वाटेत मुक्काम करावा. ही करामत वाइड अँगल लेन्सची. तिच्यात खोली खोल दिसते आणि कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. त्यामुळे मी हल्ली फोटोत पलंग बघतच नाही, कोपऱ्यातला दिवा बघते. गोल दिवा अंडाकृती झाला असेल तर समजायचं, की या खोलीत बॅग उघडायची असेल तेव्हा बाकीच्यांना पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागणार.

तलावांचा प्रकार याहून सरस. फोटोत पोहण्याच्या तलावाचं पाणी संपतं तिथेच समुद्र सुरू होतो. दोन्ही निळे, मध्ये रेघसुद्धा नाही. यासाठी कॅमेरा तलावाच्या पाण्याला जवळजवळ टेकवून धरावा लागतो. तो हातभर वर उचलला, तर मधला रस्ता, विजेच्या तारा आणि पलीकडच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसायला लागतात. आमच्या साडूंनी अशा एका ठिकाणी मुक्काम केला होता. त्या चादरींवरची नक्षी त्यांना अजून पाठ आहे.

मग खोल्यांचे प्रकार. सी फेसिंग, सी व्ह्यू, पार्शल सी व्ह्यू. पहिला प्रकार शिल्लक नव्हता. तो कधीच शिल्लक नसतो. तिसऱ्याची चौकशी करायला मी फोन लावला.

"पार्शल म्हणजे साधारण किती दिसतो समुद्र?"

"दिसतो ना, मॅडम."

"पलंगावरून?"

"बाल्कनीतून."

"खुर्चीत बसून?"

पलीकडे जरा शांतता. "उभं राहून, मॅडम. थोडं डावीकडे सरकून."

"किती डावीकडे?"

"रेलिंग आहे तिथपर्यंत."

माणूस प्रामाणिक होता. त्याचं हॉटेल मी यादीतून काढलं, पण आदर ठेवून.

इथपर्यंत सगळं माणसांच्या हातातलं होतं. पण पाण्याची स्वतःचीही काही वेळापत्रकं असतात, आणि ती कुठल्याच हॉटेलच्या पानावर नसतात. ओहोटीला काढलेला फोटो एखाद्या हॉटेलवाल्याने लावलाय, असं मी अजून पाहिलेलं नाही. सगळीकडे कायमची भरती. पाणी पायरीशी आलेलं, त्यात आकाश उतरलेलं, एक होडी (एकच, दोन नाही) डुलत असलेली. आता साधा हिशोब करा. खाडीचा तळ १०० मीटरला एक मीटर इतकाच उतरता असेल आणि ओहोटीला पाणी ३ मीटरने खाली गेलं, तर काठ तब्बल ३०० मीटर लांब जातो. तुमच्या खिडकीसमोर उरतो तो चिखल, त्यावर तिरकी होऊन पडलेली तीच होडी आणि काहीतरी टिपत हिंडणारे पक्षी. हॉटेल होतं तिथेच असतं. पाण्याचा काठच पाण्यावर राहत नाही.

हा हिशोब मी जेवणाच्या टेबलावर मांडला. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण एकदा विषय हातात आला की मला राहवत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाच मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि दोनदा वर येते, असं मी सांगितलं. त्या उपसागराची लांबी-खोली अशी जमून आली आहे, की आतलं पाणी मागेपुढे हिंदकळायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्याच वेळाने बाहेरून पुढची भरती येते. झोपाळ्याला दर खेपेस नेमक्या क्षणी धक्का मिळावा तसं. फ्रान्समधल्या माँ सां-मिशेलच्या उपसागरात हा फरक १४ मीटरच्या आसपास जातो, आणि ओहोटीला समुद्र मैलोन् मैल दूर निघून जातो. उलट भूमध्य समुद्राकाठी बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम फूटभर हलतं. तिथल्या हॉटेलवाल्यांनी केव्हाही फोटो काढावा.

"आपण जातोय तिथे किती हलतं?" नवऱ्याने विचारलं. इतक्या दिवसांत त्याने विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न.

मी तक्ता काढला. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त लांबही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. ना धड येणं, ना धड जाणं. आमचे चार दिवस नेमके पौर्णिमेला धरून होते. चांदणं मिळावं म्हणून सासूबाईंनीच ते निवडले होते. म्हणजे सकाळी चहाच्या वेळी पाणी, दुपारभर चिखल, असा कार्यक्रम. मी रंगीत पेनांनी तासांचे चौकोन भरले. लेकीने तो कागद उचलून बघितला आणि म्हणाली, "आई, आपण सुट्टीला चाललोय की गलबत हाकायला?"

हॉटेलवाल्यांना विचारून बघितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "पाणी येतं की, मॅडम."

"हो, पण किती वाजता?"

"रोज येतं."

नवऱ्याच्या सूर्यास्ताचंही असंच. समुद्र पश्चिमेला असला म्हणजे झालं, अशी त्याची समजूत. पण उत्तर गोलार्धात सूर्य हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो आणि उन्हाळ्यात वायव्येकडे. खाडीला दोन्ही बाजूंनी डोंगराच्या सोंडा. फोटो जूनमधला असेल आणि आपण गेलो डिसेंबरात, तर सूर्य डोंगरामागे जातो आणि खोलीत लवकर दिवे लावावे लागतात. हे ऐकल्यावर तो म्हणाला, की आपल्याला सूर्यास्त तसा कंपल्सरी नाही. काहीही चालेल.

सासूबाईंचा प्रश्न आवाजाचा. खाडीतल्या लाटांचा आवाज फारसा नसतो, हे मी त्यांना पटवलं. पण पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. म्हणजे आपल्या काठावर चिडीचूप असलं तरी पलीकडच्या काठावरच्या लग्नातलं गाणं शब्दन् शब्द ऐकू येणार. "गाणी कुठली?" त्यांनी विचारलं. ही माहिती खरोखरच कुठे मिळत नाही.

वाऱ्याबद्दल मी कुणाला काही बोलले नाही, ते मनातच ठेवलं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरून गार वारा आत येतो. बाल्कनीचे फोटो याच वेळचे. पडदे कसे सुंदर फुगलेले असतात. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हॉटेलच्या मागच्या बाजूला काय आहे, हे तेव्हा बाल्कनीत बसून कळतं. बहुधा स्वयंपाकघर असतं. त्यात ओहोटी असली की उघड्या पडलेल्या चिखलाचा कुजकट वासही येतो. चिखलात हवा न लागता जगणारे जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, त्याचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातले लोक समुद्रकाठच्या वासाला ओझोन समजून छाती भरभरून श्वास घ्यायचे. मी घरी तीच परंपरा पुढे चालवायचं ठरवलंय. कोणी नाक मुरडलं तर "ओझोन" म्हणायचं.

खरं तर ही सगळी हौस सुरू झाली औषध म्हणून. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या इंग्लिश डॉक्टरने समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर प्रबंध लिहिला. त्यात डुंबा आणि ते प्यासुद्धा, असा त्याचा सल्ला. मग त्याने ब्रायटनला समुद्राकडे तोंड करून मोठं घर बांधलं. गावातल्या कोळ्यांना नवल वाटलं असणार, कारण त्यांची घरं समुद्राकडे पाठ करून उभी होती. दिवसभर ज्याच्याशी झुंजायचं, त्याचा खारा वारा रात्री घरात कोण घेईल? रसेलच्या घराच्या जागी पुढे १८२६ मध्ये हॉटेल आलं. तेव्हापासून समुद्राकडची खोली महाग आणि पाठीमागची स्वस्त. कोळ्यांना कोणी विचारलंच नाही.

अभिप्राय वाचणं हा यातला सगळ्यात वेळखाऊ भाग. एकाने एक तारा दिला होता, कारण "समुद्र सारखा आवाज करतो". दुसऱ्याने पाच दिले होते आणि खाली लिहिलं होतं, "आम्ही गेलोच नाही, पण रद्द करायला खूप मदत केली." मी शेवटी एकच गोष्ट शोधू लागले: गंज. बिजागऱ्या गंजल्यात, एसीचा डबा गंजलाय, आरशाला कडेने काळे डाग पडलेत, अशी तक्रार दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे खारी हवा खरोखर तिथपर्यंत पोचते. सगळं चकचकीत असेल तर हॉटेल एक तर नवं तरी किंवा समुद्रापासून लांब तरी.

लांब म्हणजे किती, यातही मेख आहे. संकेतस्थळं अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेत मोजतात, आणि खाडीवरची सरळ रेषा पाण्यातून जाते. "मुख्य किनाऱ्यापासून ८०० मीटर" वाचून मी खूश झाले होते. नकाशा उघडला तर हॉटेल पलीकडच्या काठावर. रस्त्याने यायचं तर पूर्ण खाडीला वळसा. पोहता येणाऱ्यांसाठी मात्र माहिती अचूक होती.

अखेर एक सापडलं. पाणी दिसतं. जिना नाही. गाडी लावायला जागा आहे. बिजागऱ्या गंजलेल्या आहेत. लेन्स ताणलेली नाही. उलट फोटो इतके रटाळ, की खोटे असायची शक्यताच नाही. एकात तर ओहोटी होती! मी तडक खोल्या घेऊन टाकल्या आणि घरच्या ग्रुपवर ते फोटो टाकले. कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी हात जोडल्याची खूण पाठवली, तिचा अर्थ काहीही होऊ शकतो.

माझ्या हातून तपशील गेला तो खालच्या ओळीतला: पोचायच्या ४८ तास आधीपर्यंत मोफत रद्द करता येईल. तो नवऱ्याने वाचला. "म्हणजे अजून बघता येईल की!" ज्यांना काहीही चालत होतं ते तिघं त्या क्षणापासून कामाला लागले. दिवसरात्र लिंका. हे बघ, ते बघ, याला झोपाळा आहे, त्याला दोन बाल्कन्या आहेत, समोरच्या काठावरचं बघितलंस का.

आणि मग लेकीची लिंक आली, तीन उद्गारचिन्हांसह. "आई, आपण हे का नाही घेतलं?" मी उघडून बघितलं. निळा तलाव, निळा समुद्र, मध्ये रेघ नाही. फुगलेले पडदे. एक होडी. कोपऱ्यातला दिवा अंडाकृती. नाव वाचलं, पत्ता वाचला, नकाशा उघडून खात्री करून घेतली. ते आम्ही घेतलेलंच हॉटेल होतं, दुसऱ्या संकेतस्थळावर, दुसऱ्या छायाचित्रकाराच्या हातचं.

"छान आहे," मी लिहिलं. "जुनं रद्द करते, हे घेते."

ग्रुपवर आनंदाला उधाण आलं. नवऱ्याने अंगठा दाखवला. सासूबाई स्वतः आतून उठून आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बघ, जरा शोधलं की मिळतं."