प्रथिनांची तपासणी म्हणजे पैसेवाल्यांची थेरं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

"गडचिरोलीहून रात्रीच्या एसटीनं नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलला येणाऱ्या बाईला प्रथिनांच्या तपासण्या कशाला सांगता? आधी स्तनातली गाठ चाचपायला शिकवा, बाकी सगळी पैसेवाल्यांची थेरं," असं तुम्ही लिहिलंत. वहिनींची गाठ काढल्यावर सांगितलेली तपासणी पैशाअभावी राहिली, हेही लिहिलंत. ते वाचून फार वाईट वाटलं. गाठ लपवून महिनोन्‌महिने अंगावर काढणं घातक, यात दुमत नाहीच.

पण ताई, या तपासणीची गरज गरीब बाईलाच जास्त आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत ईआर हे प्रथिन (इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारं) सापडलं तर टॅमॉक्सिफेन हे औषध लागू पडतं. रोज एक गोळी, साधारण ५ वर्षं. कॅन्सरच्या औषधांत एवढं स्वस्त औषध क्वचितच मिळतं, आणि अशा बायकांमध्ये त्यानं या आजाराचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. ईआर नसेल तर तीच गोळी जवळपास निरुपयोगी. हर-टू या दुसऱ्या प्रथिनाचा निकाल ३+ आला तर त्यावरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा उपयोग होतो. २+ आला तर फिश (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी करून खात्री करावी लागते. नुसत्या हाताला यातलं काहीच कळत नाही.

खरी गफलत बऱ्याचदा लॅबच्या आधीच होते. काढलेला तुकडा तासाभरात, त्याच्या दहापट तरी फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) बुडायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. सलाईनमध्ये टाकून डबी नागपूरला पाठवली, तर वाटेतच प्रथिनं खराब होतात, असलेला ईआर 'निगेटिव्ह' दिसू शकतो आणि बाईची हक्काची गोळी हुकते. तालुक्याच्या ठिकाणी ऑपरेशन असेल तर नातेवाइकांनी फॉर्मालिनचं आवर्जून विचारावं.

हेल्थ पॅकेजमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात मोजतात त्या सीए-१२५ या प्रथिनाबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूनं आहे. एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, अगदी पाळीतही ते वाढतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला: ही तपासणी आणि सोनोग्राफी करूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू घटले नाहीत. त्रास नसताना त्यावर पैसे घालू नयेत.

वहिनींच्या रिपोर्टात ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाला पकडणारं तसंच प्रथिन), हर-टू लिहिलंय का, एकदा बघा. नसेल तर जिथे गाठ तपासली तिथून मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवून जपलेला असतो तो) मागून घ्या. तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यावरून ही तपासणी अजूनही होऊ शकते. ब्लॉक मिळाला की त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.