सकाळी अकरा वाजता बारमध्ये

आमचे साडू लीड्सला राहतात. पौंडांचे रुपये करायची सवय त्यांनी केव्हाच सोडली. तो मक्ता आता आमच्या हिच्याकडे आहे. साडूंचा जीव अडकलाय तो पार्किंगमध्ये. गाडी उभी करायचे तासाला पैसे मोजल्यामुळे त्यातलं एकही मिनिट ते वाया जाऊ देत नाहीत, आणि उशिराचंही एक मिनिट होऊ देत नाहीत. परिणामी इंग्लंडचा दोन हजार वर्षांचा इतिहास मी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत पाहिला, तोही साडूंच्या मनगटावरून.

आदल्या आठवड्यात बाथला नेलं होतं. तिथे जमिनीतून रोज अकरा लाख लिटरच्या वर ऊन पाणी येतं, चांगलं ४६ अंशांचं. रोमन लोकांनी त्यावर ऐसपैस स्नानगृह बांधलं. मी वज्रेश्वरीच्या हिशोबाने पिशवीत पंचा घेऊन गेलो. तिथे गेल्यावर कळलं, पाणी बघायचं. अंघोळ सोडा, बोटसुद्धा घालायचं नाही. गावाचं नावच अंघोळ, आणि आम्ही कोरडे परत. साडूंच्या घरी न्हाणीघरात टमरेल नाही, गालिचा मात्र आहे, तेव्हा या देशाचं पाण्याशी काहीतरी जुनं वैर असावं असं माझं मत झालंय.

तर यॉर्क. गाडीतच साडूंनी सांगून ठेवलं, "दादा, इथे नीट लक्षात ठेवा. यॉर्कमध्ये रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात." हे म्हणे व्हायकिंगांमुळे. ते ८६६ साली आले, राहिले, आणि त्यांच्या भाषेतला रस्त्याचा शब्द मागे ठेवून गेले. वेशींना बार का म्हणतात तेही साडू सांगणार होते, पण तेवढ्यात पार्किंगची जागा दिसली आणि विषय बदलला.

साडूंनी मशीनमध्ये तीन तासांचे पैसे भरले. मेहुणीने दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला. "चुकामूक झाली तर मिकलगेट बारला भेटायचं," साडू म्हणाले. हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखतो.

मिन्स्टर म्हणजे तिथलं थोरलं चर्च. त्याची पूर्वेकडची खिडकी बघताना मान अवघडते. टेनिस कोर्टाएवढी काच, सगळी चित्रांनी भरलेली. "जॉन थॉर्नटन नावाच्या माणसाने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली," साडू घरचं कार्य सांगावं तसे सांगत होते. "छप्पन्न पौंड मिळाले त्याला. त्यातले दहा काम वेळेत केलं म्हणून बक्षीस."

"म्हणजे साडेसहा हजार," ही पुटपुटली. "आमच्याकडे डासांची जाळीसुद्धा बसत नाही हो त्यात."

मग शँबल्स. ही पूर्वीची खाटकांची आळी. घरं लाकडी, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, त्यामुळे वरती समोरासमोरची घरं एकमेकांच्या कानाशी लागल्यासारखी झुकलेली. पुण्यात असं घर दिसलं असतं तर महापालिकेने 'धोकादायक इमारत' अशी पाटी केव्हाच ठोकली असती आणि पाठोपाठ बिल्डर पेढे घेऊन आला असता. इथे लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. मीही काढत होतो. फोटो काढून मागे वळलो तर आमच्यातलं कुणीच नाही.

बोळ तरी किती! एका बोळातून शिरलो, दुसऱ्यातून निघालो, आणि एका पाटीशी थबकलो. रस्ता हाताच्या अंतरात संपत होता आणि नाव होतं व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. नाव वाचून होईपर्यंत रस्ता संपला. शेवटी विचारत विचारत नदी ओलांडली, चढ चढलो आणि मिकलगेट बारखाली जाऊन उभा राहिलो. दगडी, उंच, अस्सल वेस. राजद्रोह्यांची मुंडकी या वेशीवर लावत. १४६० साली यॉर्कच्याच ड्यूकचं मुंडकं कागदी मुकुट घालून इथे लावलं होतं म्हणे. माझ्या डोक्यावर माकडटोपी होती, पण भावना पोचल्या.

थंडीने दात वाजत होते म्हणून जवळच्या दुकानात चहा सांगितला. वायफाय मिळाला आणि लगेच फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?"

"बारला."

पलीकडे शांतता. दशम्यांचा डबा घेऊन माणूस कुठवर घसरू शकतो, याचा अंदाज चालू असावा.

"अगं, मिकलगेट बार. साडू नाही का म्हणाले—"

"सकाळचे अकरा वाजलेत."

आणि नेमक्या त्याच क्षणी चहावाल्या बाई कप माझ्यापुढे ठेवून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिअर यू आर, लव्ह!"

यॉर्कशरमध्ये पोस्टमनपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. हे हिला कुणी सांगायचं? मेहुणीला सगळं ठाऊक होतं, पण तिला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे तिची साक्ष उपयोगी पडली नाही. "ही लव्ह कोण?" एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला.

वीस मिनिटांनी तिघं आले. हिने आधी वेस बघितली, मग दुकान, मग चहावाल्या बाई. बाई सत्तरीच्या होत्या. त्या हिलाही म्हणाल्या, "यू ऑलराइट, लव्ह?" ही म्हणाली, गुडघे दुखतात, चढाचा रस्ता आहे. बाईंना एवढ्या सविस्तर उत्तराची सवय नसावी. मग तिथेच बाकावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. ही बाईंना अर्धी देऊन आली. साडू उभ्यानेच खात होते.

गाडीपाशी पोचलो तेव्हा काचेवर वायपरखाली एक पिवळी पिशवी खोचलेली होती. अकरा मिनिटं उशीर. साडूंनी ती उघडली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. ही गुणाकार करायला लागली होती, तिला मी कोपराने थांबवलं. मला उगाच त्या थॉर्नटनचे दहा पौंड आठवले. त्याच्या गळ्यात दशम्यांचा डबा नसणार.

लीड्स येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. घराच्या वळणावर साडू म्हणाले, "पुढच्या शनिवारी चेस्टर. तिथली तटबंदी जवळजवळ सलग आहे, तीन किलोमीटर. पार्किंग पाच तासांचं घेऊ."

"तिथे बार आहेत का?" हिने विचारलं.

"नाही ताई. तिथे गेटला गेटच म्हणतात."

ही निवांत झाली आणि डुलकी घेऊ लागली. मी मात्र, तिथे चहावाल्या बाई काय म्हणतात, ते आत्ताच विचारून ठेवायला हवं होतं.