दुभाष्याचा रविवार

परदेशी पाहुण्याच्या उपदेशाचे वाक्यागणिक भाषांतर करणाऱ्याला मंडळीत जो मान असतो, तो वरातीतल्या घोड्यासारखा असतो. सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे असतात, पण पाहतात ते पाठीवरच्याकडे. आणि घोडा बिचकला, तर मात्र दोष घोड्याचा.

गेल्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडहून एक वयोवृद्ध पाळक नागपुरात आले आणि त्यांचा एक रविवार आमच्या साठ-सत्तर माणसांच्या मंडळीच्या वाट्याला आला. याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या आपापले मतभेद बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या होत्या. आमच्या पंचकमिटीचे मात्र पाहुण्यांनी दुपारी कोणाकडे जेवायचे, यावर तीन बैठकांतही एकमत झाले नाही. एकमताने मंजूर झालेला ठराव एकच, तो म्हणजे भाषांतर मास्तरांनी करावे. मास्तर म्हणजे मी. छत्तीस वर्षे आठवीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्याला स्कॉटिश माणसाचे बोलणे कळते, असा आमच्याकडे समज आहे.

शनिवारी संध्याकाळी मी पाहुण्यांना उपदेशाची लेखी प्रत मागितली. आपण आत्मा सुचवील तसे बोलतो, असे ते हसून म्हणाले. आत्म्याने निदान दुभाष्याला तरी आदल्या दिवशी कळवावे, ही माझी अपेक्षा मी मनातच ठेवली. उताऱ्याचा पत्ता तेवढा मिळाला: योहान, अध्याय दहावा, उत्तम मेंढपाळ.

उपासनेच्या वेळी दोन्ही बाजूंना कूलर घरघरत होते. ते बंद करावेत तर मंडळी भाजून निघते आणि चालू ठेवावेत तर पाहुण्यांचे अर्धे वाक्य वाळ्याच्या ताट्यांत अडकते. सुरुवात सोपी गेली. त्यांच्याच देशातले स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, त्यांनी इथले खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या आणि १८६३ साली ते नदीच्या पाण्यात बुडून वारले, हे सारे हिस्लॉप कॉलेजवरून रोज जाणाऱ्या मंडळीला नवे नव्हते. हिस्लॉप मराठी शिकले होते, हेही पाहुण्यांनी आवर्जून सांगितले. ती परंपरा पुढे चालवायला काय हरकत होती, असे मला त्या क्षणी प्रकर्षाने वाटले.

मग मेंढरे आली. पाहुण्यांचे वडील डोंगरावर मेंढ्या पाळत. मेंढरू आमच्या मंडळीला पवित्र शास्त्रातून ठाऊक आहे, शिवाय उंटांसह रस्त्याच्या कडेने जाणारे काठेवाड्यांचे कळपही सर्वांनी पाहिलेले आहेत. परंतु चेव्हिऑट आणि ब्लॅकफेस या जातींना मराठीत काय म्हणावे, हे मला सुचेना. मी ती नावे जशीच्या तशी उच्चारली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी ती वंशावळीतली समजून आदराने माना डोलावल्या.

त्यांच्याकडे मेंढपाळ कळपाच्या मागे राहतो आणि शिटी वाजवून कुत्र्याला हुकूम देतो. कुत्रा धावत जाऊन कळप वळवतो. इथपर्यंत ठीक होते. पण त्या कुत्र्याच्या आठवणीने पाहुण्यांचा कंठ दाटून आला. चांगला पाळक हा प्रभूचा इमानी कुत्रा असतो, असे म्हणून त्यांनी आमच्या पाळकसाहेबांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. इंग्रजीत हे कौतुक आहे. मराठीत एवढ्यावरून दोन घरांची बोलचाल बंद होते. कूलरच्या आवाजात पाळकसाहेबांना काहीच ऐकू न आल्यामुळे ते प्रसन्नपणे हसत होते.

“चांगला पाळक हा प्रभूचा इमानी राखणदार असतो,” मी म्हणालो.

तिसऱ्या बाकावरून, इंग्रजी शाळेत सहावीत शिकणारा माझाच नातू स्वच्छ आवाजात म्हणाला, “आजोबा, ते कुत्रा म्हणाले.”

हशा ओसरतो न ओसरतो तोच पुढच्या बाकावरच्या आजी उभ्या राहिल्या. “काऊन जी मास्तर, मेंढपाळ मांगून कसा चालन? योहानात तं लिवलं हाय, तो त्याइच्या पुढं चालते. आपला धनगरबी पुढंच चालते. मांगून हाकलाले ते का बैलं हायेत?”

प्रश्न बिनतोड होता आणि दहाव्या अध्यायाचे चौथे वचन आजींच्या बाजूने होते. काय म्हणतात त्या, असे पाहुण्यांनी उत्सुकतेने विचारले. पन्नास मिनिटे उलटून गेली होती. आजींना उपदेश फार आवडला, असे मी इंग्रजीत सांगितले. या पापाची शिक्षा तत्काळ मिळाली, कारण आनंदित झालेल्या पाहुण्यांनी शिट्यांच्या निरनिराळ्या प्रकारांचे प्रात्यक्षिक सुरू केले. शिटीचे भाषांतर करावे लागत नाही, हे ध्यानात येईपर्यंत मी एक वाजवून बसलो होतो.

दुपारी सावजी मटण होते. “बिलकुल तिखट नाही जी, सांगा त्याइले,” असे यजमानीणबाईंनी सांगितले. ते मी शब्दशः सांगितले. दिवसभरातले माझे हे एकमेव अचूक भाषांतर, आणि त्यात मूळ वाक्यच खोटे होते. पाहुण्यांनी घामाघूम होऊन दोन वेळा वाढून घेतले, हे मात्र त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

संध्याकाळी त्यांना स्टेशनवर पोहोचवायला आम्ही सहकुटुंब गेलो. गाडी हलायच्या बेतात असताना त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटले आणि डोळ्यांत पाणी आणून एक वाक्य उच्चारले. काय म्हणाले, असे सौभाग्यवतींनी विचारले.

“चांगला राखणदार म्हणाले,” मी म्हणालो, आणि नातू तोंड उघडणार तोच त्यात संत्रा बर्फीचा तुकडा घातला.