बाबांची लिमिट

बारावीतल्या मुलीने गणित विचारले, की बापाने चष्मा शोधण्याच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत जावे, हे शहाणपण मला फार उशिरा आले. परवा रात्री चष्मा नेमका नाकावरच होता.

एक्सवर्ग अधिक एक, या सगळ्याचा घन, त्याला दोन एक्सने गुणून शून्य ते दोन संकलन (इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ काढणे), असे ते उदाहरण होते. "सोपे आहे," म्हणून मी एक्सवर्ग अधिक एकला टी मानले. दोन एक्स डीएक्स आपल्या पायांनी चालत येऊन डीटी झाला, टीच्या घनाचे संकलन टीचा चतुर्थ घात भागिले चार झाले, आणि मी ऐटीत त्यात आधी दोन, मग शून्य घालून उत्तर काढले: ४.

पुस्तकात उत्तर होते १५६.

छपाईची चूक, असा निकाल मी देणार होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, लिमिट्स बदलल्यात का?" शून्य आणि दोन ही एक्सची हद्द, टीची एक ते पाच. पाचचा चतुर्थ घात ६२५, त्यातून एक वजा, भागिले चार. मी बिऱ्हाड हलवले होते आणि रेशनकार्डावर पत्ता जुनाच ठेवला होता. (टीच्या जागी पुन्हा एक्स आणला असता तर जुन्या लिमिट्सही चालल्या असत्या, पण हे मला दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना आठवले.)

संकलनाचा तो लांबट एस गणिती लायब्निट्झने १६७५ साली लिहिला आणि त्याच्या डोक्यावर व पायाशी लिमिट्स लिहिण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती फूरियेमुळे रूढ झाली. मधल्या काळात बापांचे बरे चालले असावे.

अब्रू राखण्यासाठी मग मीच उदाहरण घातले: एक्सवर्गाचे संकलन, उणे एक ते एक. एक्सवर्ग बरोबर टी. आणि या वेळी लिमिट्स आठवणीने बदलल्या. उणे एकचा वर्ग एक, एकचाही एकच. खालची लिमिट एक, वरचीही एक, म्हणून उत्तर शून्य! आलेख मात्र अक्षाच्या वर वाडग्यासारखा उभा होता आणि त्याच्याखालचे क्षेत्रफळ, म्हणजे दोन भागिले तीन, मी अख्खे गिळंकृत केले होते. शून्याच्या डावीकडे एक्स म्हणजे टीचे उणे वर्गमूळ आणि उजवीकडे अधिक, त्यामुळे हे आदेशन (एक्सच्या जागी टी मानणे) करायचेच असेल तर शून्यापाशी दोन तुकडे करावे लागतात, हे मुलीने मला, मी तिच्या आजीला मोबाइल शिकवताना लावतो त्या आवाजात समजावले.

"उद्यापासून मी आईलाच विचारेन," वही मिटत ती म्हणाली.

तिची आई इतिहास शिकवते.