हिटलरने कामगारांना गाड्या वाटल्या म्हणे

‘एका माणसाने सहा वर्षांत जर्मनी कसा उभा केला’ हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. नेहमीसारखा स्क्रोल करून सोडला असता, पण भाच्याने तोच वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला घेतलाय आणि ताई वर म्हणते, मामाला म्हणून दाखव. दाखवलं त्याने. आता मामाचं ऐका.

‘पोतंभर नोटा देऊन पाव मिळायचा, हिटलरने ते थांबवलं.’ अरे ते १९२३! त्याच नोव्हेंबरात नवीन चलन आलं आणि ते थांबलं, तेव्हा हा गडी म्युनिकच्या फसलेल्या बंडापायी अटकेत होता. ‘व्हर्सायची खंडणी बंद केली.’ पहिलं महायुद्ध हरल्यावर तहात लादलेली ती भरपाई जुलै १९३२ लाच लोझानच्या परिषदेत जवळपास निकालात निघाली होती, हा खुर्चीत बसला ३० जानेवारी १९३३ ला. ‘बहुमताने निवडून आला.’ नोव्हेंबर १९३२ मध्ये ३३.१ टक्के मतं, पुढे मार्चमध्ये कम्युनिस्टांना आत टाकूनसुद्धा ४३.९. करा हिशोब.

पण कहर म्हणजे हे: ‘प्रत्येक कामगाराच्या दारात कार.’

दारात! १९३८ मध्ये स्कीम काढली, ९९० मार्कची गाडी, आठवड्याला किमान ५ मार्क भरायचे, त्याची तिकिटं कार्डावर चिकटवत जायची, कार्ड भरलं की गाडी. आपली भिशी समजा, फक्त या भिशीत नंबर कुणाचाच लागत नाही आणि मध्येच सोडलीत तर भरलेले पैसे गेले. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले आणि त्यातल्या एकालाही, परत सांगतो एकालाही, गाडी मिळाली नाही, कारण युद्ध लागलं आणि कारखाना लष्कराच्या गाड्या काढायला लागला. युद्धानंतर बिचारे कोर्टात गेले, १९६१ ला तडजोड झाली, नवीन फोक्सवागनवर जास्तीत जास्त ६०० मार्क सूट नाहीतर १०० मार्क रोख. ही ती दारातली कार.

बेकारी कमी झाली हे मात्र खरंय, नाइलाजाने मान्य. १९३३ च्या सुरुवातीला ६० लाख बेकार होते, १९३८ पर्यंत कामाला माणसं कमी पडायला लागली. पण कशाने? रोजगाराच्या काही योजना आधीच्या सरकारांच्या, कोलोन ते बॉन ऑटोबान, म्हणजे द्रुतगती महामार्ग, तर १९३२ लाच कोलोनचे महापौर आडेनावर यांनी उघडला होता. लग्नाचं कर्ज हवं तर बाईने नोकरी सोडायची, १९३५ पासून पोरं सक्तीच्या लष्करी सेवेत, आणि बाकी सगळा दारूगोळा. त्यासाठी ‘मेफो’ नावाची एक कागदी कंपनी, भांडवल १० लाख मार्क, आणि तिच्या नावावर १२ अब्जांच्या हुंड्या! हे कुणा शत्रूचं म्हणणं नाही. ही युक्ती ज्याची, त्या राइशबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, प्रमुख शाख्टनेच जानेवारी १९३९ मध्ये बाकीच्या संचालकांसकट हिटलरला लेखी कळवलं, की सरकारचा हा बेफाम खर्च चलन बुडवणार आहे.

दोनेक आठवड्यांत शाख्टला घरी पाठवलं. आणि मेसेजची शेवटची ओळ, भाचा हात वर करून म्हणतो ती, ‘तज्ज्ञांचं ऐकणारा नेता’.