खुलासा : तो व्हिडिओ नव्या रोलर कोस्टरचा नाही

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींमध्ये तिथल्याच एका मनोरंजन पार्कचा व्हिडिओ फिरतोय. ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरचा 139 मीटर उंच नवा रोलर कोस्टर, या उन्हाळ्यात सुरू.’ गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला. चुकलं माझं, माफ करा.

व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहा. उभा चढणारा हिरवा रूळ, आणि त्याच मनोऱ्याच्या अंगाला खाली कोसळणारे पाळणे. हा त्याच पार्कमधला जुना रोलर कोस्टर ‘किंगडा का’ आहे आणि ते पाळणे 2014 साली जोडलेल्या ‘झुमानजारो’ या दुसऱ्या राइडचे. 139 मीटर ही उंचीसुद्धा ‘किंगडा का’चीच. 2005 पासून तो ताशी 206 किलोमीटर वेगाने माणसं वर फेकायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये तो बंद झाल्याचं पार्कने जाहीर केलं आणि 28 फेब्रुवारी 2025 ला सुरुंग लावून मनोरा पाडला. आता तिथे तो उभाच नाही.

त्याच्या जागी नवा विक्रमी कोस्टर आणू, असं पार्क तेव्हा म्हणालं होतं, हे खरं. पण उंची सांगितली नव्हती. मुलं हा व्हिडिओ पाहून सुट्टीचे बेत आखतायत, म्हणून कळकळीने सांगते : तो पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.