खाज, पण हिरडीला

दुखण्याला समाजात मान असतो. दाढ दुखतेय म्हटलं की चार माणसं हळहळतात, कुणी बसायला खुर्ची देतं, साहेब न मागता अर्ध्या दिवसाची रजा देतात. गाल सुजलेला असेल तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा तुमच्यासाठी वेगळा मऊ भात येतो. पण 'माझी हिरडी खाजतेय' असं एकदा चारचौघांत म्हणून बघा. समोरचा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो, मग शेजारच्याच्या तोंडाकडं, आणि हसू दाबत विचारतो, "हिरडी? ती कशी खाजंल गा?"

कशी खाजते ते सांगतो. वरच्या डाव्या बाजूला, सुळ्याच्या मागं, दोन दातांच्या मधे. दुखत नाही, ठणकत नाही, फक्त स्वस्थ बसू देत नाही. जीभ आपोआप तिथं जाते. जिभेनं घासलं की क्षणभर बरं वाटतं, आणि मग शेजारची हिरडी म्हणते, आता माझी पाळी. पाठ खाजली तर दाराच्या चौकटीला घासता येते, डास चावला तर नखं आहेत. हिरडी खाजवायला तोंडात बोट घालावं लागतं, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं तोंडात बोट घालून बसलेलं आपल्याकडं चालत नाही. सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या एका जर्मन वैद्यानं 1660 साली खाजेची व्याख्या करून ठेवलीय: जिच्यामुळं खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना. साडेतीनशे वर्षं ती टिकून आहे. तिच्यात माझं अर्धंच दुखणं बसतं. खाजवावंसं वाटतं इथपर्यंत ठीक, पुढं काय?

मी एका सोसायटीत कॅशला बसतो. काचेच्या आत मी, बाहेर गिऱ्हाईक. नोटा मोजता मोजता हिरडी शिवशिवली की जीभ गालात शिरते, गाल फुगतो, ओठ वाकडा होतो, आणि वरचे दात खालच्यांवर आपसूक करकरतात. बाहेरच्या माणसाला आत काय चाललंय ते कळत नाही. येळ्ळूरचे एक कर्जदार नुसतं पासबुक भरून घ्यायला आले होते. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि हात जोडले. "साहेब, असं दातओठ खाऊ नका. सोमवारी हप्ता भरतो की." आणि खरंच सोमवारी भरला. मॅनेजरसाहेबांनी ते बघितलं. तेव्हापासून मोठी थकबाकी असलेली माणसं काहीतरी निमित्त काढून माझ्याच खिडकीवर पाठवायला लागले.

हिरडी म्हणजे काय, हे मी एकदा सावकाश वाचून काढलं. दात आणि जबड्याचं हाड जिथं भेटतात, तिथला पट्टा. म्हणजे आमचा बेळगावचा सीमाभागच की! मग ती खाजणार नाही तर काय करणार? आम्हाला ही खाज 1956 पासून ठाऊक आहे. दोन्ही बाजू हक्क सांगतात, मलम लावायला कुणी येत नाही. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आणि दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, ती जागा नव्यानं शिवशिवते ती शिवशिवतेच. त्या मानानं माझ्या हिरडीचं नशीब थोर. तिला डॉक्टरची तारीख लगेच मिळाली असती. पण बेळगावात माणूस एकदम डॉक्टरकडं जात नाही. आधी गल्ली बघून घेते.

पहिला मान आईचा. आम्ही वडगावचे, आईचा जन्म मागाच्या खोलीत कांड्या भरण्यात गेला. कुठल्याही दुखण्याकडं ती तुटलेल्या धाग्याच्या हिशेबानं बघते, कुठं तुटलंय ते दाखव, गाठ मारून देते. तिनं कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवला आणि माझा जबडा धरून आत कोंबला. लवंगेतल्या युजेनॉलनं जागा बधिर होते हे खरं, पण तेच तेल नुसतं, पातळ न करता लावलं तर आतली नाजूक कातडी भाजते, हेही तेवढंच खरं. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. दुसऱ्या दिवशी हिरडी तेवढ्याच जागी पांढरी पडली. आई म्हणाली, "बघ, रंग बदलला. उतार पडालाय."

मग निपाणीच्या मावशीचा फोन. निपाणी म्हणजे बिडीच्या तंबाखूचं गाव, तिथं औषध एकच. "अरे, मिसरी लाव चिमूटभर. खाज कुठं गेली कळायची पण नाही." मावशीवर माझा फार जीव आहे, पण इथं मी हललो नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली म्हणून तिच्यातलं विष जळून जात नाही. हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण जातं ते वेगळंच. मावशीच्या स्वतःच्या खालच्या दातांची मुळं मी लहानपणापासून बघत आलोय. खाज जाईल, पण तिच्या खोलीत मिसरी भाडेकरू म्हणून शिरेल आणि ती काही जागा सोडत नाही. हे मी मावशीला बोललो नाही. "बघतो" म्हटलं.

खानापूरच्या मामांनी कडुलिंबाच्या काड्यांची मोळीच पाठवली, एसटीतून, कंडक्टरच्या ओळखीनं. काडी चावून कुंचा करायचा आणि त्यानं घासायचं. चावायला बरं वाटायचं, नाकारत नाही, पण कुंच्याचे तंतू नेमके त्याच फटीत अडकून बसायचे, आणि मग ते काढायला दुसरी काडी. कॅम्पातल्या एका मित्रानं निळं माऊथवॉश दिलं. त्यात दारूचा अंश. तोंड इतकं कोरडं पडलं की खाज दोन दातांवरून चारांवर गेली, आणि सोसायटीत शेजारचा सहकारी वास घेऊन हळूच म्हणाला, "सकाळी सकाळी?"

शेवटी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, हिरडी शिवशिवते, वर लावायला काहीतरी दे. त्यानं मान हलवली, दात येताना असं होतंच म्हणाला, आणि ट्यूब शोधता शोधता विचारलं, "बाळ केवढं आहे?"

"सत्तेचाळीस."

"महिन्यांचं?"

मग त्यानं मोठ्यांची ट्यूब काढून दिली, बधिर करणारी. बोटभर लावली. हिरडी बधिर झाली, सोबत वरचा ओठही झाला. त्याच ओठानं मी चौकातल्या हॉटेलात चहा घेतला. चहा बशीतून ओठापर्यंत नीट आला, तिथून पुढं मात्र शर्टावर गेला, आणि ते मला टेबलासमोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं.

आता मी स्वतः लावलेल्या शोधांबद्दल थोडं. दुखण्यानं खाज दबते. हे माझं मत नव्हे, शास्त्र आहे. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पोचला की खाजेचा निरोप मागं ढकलला जातो, खाजवण्यातलं सुख तिथूनच येतं. मग संकेश्वरी मिरचीचं तिखट आपल्याच घरात असताना परक्या औषधांचे उपकार कशाला? चिमूटभर हिरडीला लावलं. खाज खरोखर थांबली. बाकी सगळंच थांबलं, श्वाससुद्धा. दुसरा शोध गोकाकच्या करदंटाचा. डिंक, सुकं खोबरं, सुका मेवा, गूळ. चावताना हिरडीवर असा काही दाब येतो की डोळे मिटावेत. उपाय म्हणून मी तो अजून कुणालाही सांगेन. फक्त तो दातांत चिकटतो, रात्रभर तिथंच राहतो, आणि सकाळी खाज ताजीतवानी होऊन उठते. घरातला करदंटाचा डबा रिकामा झाला तेव्हा बायकोनं टिळकवाडीतल्या दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, तरुण, हसऱ्या. "एनागेदरी?" म्हणजे काय झालंय, असं विचारून माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "बायी तेगीरी." बेळगावच्या माणसाला कन्नड येवो न येवो, 'बायी तेगीरी' म्हटलं की तोंड उघडतं. त्यांनी आरसा घातला, बारीक टोकाची सळई हिरडीच्या कडेनं फिरवली, रक्त आलं. आणि त्या एकदम खूश झाल्या. मी "खाजतं" म्हटल्यावर न हसणारं पहिलं माणूस मला भेटलं होतं. कारणं त्यांनी भराभर सांगितली. काहींना टूथपेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही. काहींचं तोंड अननसासारख्या फळानं खाजतं. काहीजण झोपेत दात खातात, काहींची लाळ कमी. "पण तुमचं तसं काय नाही हो. तुमचं साधं आहे. कीटण."

माझ्या हातात छोटा आरसा देऊन त्यांनी ते दाखवलंही. अन्नाच्या कणांवर आणि लाळेवर पोसलेल्या जंतूंचा पातळ थर दातावर रोजच बसतो. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतला कॅल्शियम त्याला दगड करून टाकतो. ह्या दगडावर जंतू हिरडीच्या कडेला साचत राहतात, हिरडी सुजते, काहींची दुखते, काहींची नुसती शिवशिवते. मग ब्रशनं निघत नाही, किती का जोर लावा. जोर लावला तर हिरडीच मागं हटते.

खुर्ची आडवी झाली. सेकंदाला हजारो वेळा थरथरणारं टोक, त्यातून पाण्याची धार, ओठाच्या कोपऱ्यात पाणी ओढणारी नळी. आणि नेमकं तेव्हाच बाईंना गप्पा सुचल्या. 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात साफ करायचं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावले, साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. "कसं वाटतं ऐकून?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आँ." तोंडात नळी नसती तर सांगितलं असतं की डेन्मार्कात याला प्रयोग म्हणतात, आमच्या गल्लीत तीन पोरं आहेत, ती याला सुट्टी म्हणतात.

घरी आलो तो शेजारचे अण्णा दारातच. "साफ करून घेतलास? आता दात हलतील बघ." आमच्याकडं ही समजूत पक्की आहे. खरं तर फटीतला दगड निघाल्यामुळं जिभेला जागा मोकळी लागते एवढंच. दोन-चार दिवस गार पाण्यानं झिणझिण्या आल्या, मग त्याही गेल्या. आणि खाज? कमी होत होत एके दिवशी दुपारी कॅश जुळवताना लक्षात आलं की सकाळपासून जीभ जागेवरच आहे. मॅनेजरसाहेबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. वसुलीचा महिना आहे.

पण औषधानं शेवटचा तडाखा दिलाच. बाईंनी क्लोरहेक्सिडीनची बाटली दिली होती. ब्रश केल्यावर अर्ध्या तासानं चूळ भरायची, चहा कमी प्यायचा नाहीतर दात तपकिरी होतात, थोडेच दिवस वापरायचं. चव जाईल हेही त्या म्हणाल्या होत्या, पण बाजूला पाण्याची नळी सुरू होती. त्याच आठवड्यात अनगोळला भाचीचा साखरपुडा. मी पहिल्या पंगतीला. कुंदा तोंडात घातला तो रंगावरून ओळखला. आमटी भुरकली आणि घरचाच माणूस म्हणून मोकळेपणानं म्हणालो, "आमटीला मीठ नाही हो." ह्या औषधानं खास करून जाते ती खारटाची चव, हे मला नंतर कळलं. आचाऱ्याला आधी कळलं नाही. मामाच सांगतोय म्हटल्यावर त्यानं पातेल्यात मूठभर मीठ टाकलं. दुसऱ्या पंगतीला व्याही होते.

आता राहिला दोरा. दातांच्या फटीतून फिरवायचा तो, पांढऱ्या डबीत गुंडाळलेला, मेण लावलेला, पुदिन्याच्या वासाचा. रोज रात्री हातभर कापून घ्यायचा आणि प्रत्येक फटीतून हळूच घालायचा. जमायला वेळ लागतो, बोटं निळी पडतात, पण तोंड असं काही हलकं होतं की मी त्याचा भक्तच झालो. मात्र डबी फार लवकर संपायला लागली. आधी वाटलं पोरगा पतंगाला नेतोय. मग संकष्टीला देवघरासमोर बसलो, आणि गणपतीच्या गळ्यातल्या अबोलीच्या हाराला गार, गुळगुळीत असा एक वास आला. अबोलीला तर वासच नसतो.

"आई, हा दोरा कुठला?"

"तुझ्या डबीतला की." आईनं हाराचं टोक चिमटीत धरून मला दाखवलं, एकेकाळी सूत दाखवायची तसं. "चांगला हाय. मेण लावलंय, पीळ नाही, तरी तुटत नाही. फूल सरकत पण नाही. पैसे किती पडतात?"

सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मनात वडगावच्या सुताचा भाव आणि हा भाव शेजारी ठेवून बघत असावी.

"आणि हिरडी?"

"बरी आहे आता."

"मग तुला कशाला पाहिजे दोरा?" आई म्हणाली. "दुसरी डबी आणशील ती बिनवासाची आण. देवाला पुदिना चालतो का नाही, भटजींना विचारायचं राहिलंय."